रोजचं गुलाबी पाणी

"स्पष्ट छापलंय इथे! प्रतिकारशक्ती वाढवते. वाढवते म्हटलंय वहिनी, कमी करते असं नाही म्हटलेलं!" वन्संनी डबा टेबलावर आपटला. झाकण आधीच सैल होतं. हिरवट भुकटीचा एक ढग उठला आणि साखरेच्या बरणीवर जाऊन बसला.

"छापायला काय जातंय!" म्हणत बाई फडकं घेऊन धावल्या. भांडण ऐन रंगात आलेलं, तरी त्यांना आधी दिसली ती सांडलेली भुकटी.

"शेजारच्या काकूंच्या भावजयीनं सहा महिने घेतली. टुणटुणीत झाली."

"काय झालं होतं तिला?"

"सर्दी."

"वन्सं, तुमचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झालेत. गाठ काढलीय छातीतली. डॉक्टरांना न विचारता या घरात असलं काही..."

"या घरात म्हणजे? माझ्या भावाच्या घरात!"

भाऊ खिडकीपाशी वर्तमानपत्रामागे होता. "मी ऐकत नाहीये," त्यानं आतूनच जाहीर केलं.

वन्संनी मोर्चा पुन्हा वहिनीकडे वळवला. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून कमावलेला आवाज होता तो; दोन खोल्या ओलांडून पलीकडे पोचायचा. "मला एवढंच सांग. प्रतिकारशक्ती म्हणजे आपले शिपाई. बरोबर? मग शिपाई वाढले तर तोटा कुणाचा?"

"नुसते किती आहेत त्यावर नसतं ते. ते काय बोलतात त्यावर असतं," बाई म्हणाल्या. "हे शिपाई एकमेकांना चिठ्ठ्या धाडतात. प्रथिनाच्या चिठ्ठ्या. इकडे या, तिकडे जा, आता थांबा. त्या चिठ्ठ्या गाठीतल्या पेशीसुद्धा वाचतात. एखादी चिठ्ठी वाचून काही पेशी वाढायच्या थांबतात, तर दुसऱ्या जातीच्या पेशी तीच वाचून जोमानं वाढायला लागतात. तुमची ती भुकटी कुणाला काय लिहितेय, कुणाला ठाऊक?"

"आणि तुमच्या लॅबमधली चिठ्ठी? ती वाचून थांबतात की वाढतात?"

बाईंचा हात बरणीवरच थांबला. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी पट्कन सांगितलं असतं, थांबतात. वर्षभर रोज डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बघतेय," त्या म्हणाल्या.

"चोवीस वर्षं झाली, अजून बघतेच आहे!" वन्संनी डबा काखेत मारला आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. दार आपटलं नाही. डाव्या हाताला अजून तेवढा जोर आला नव्हता.

बाईंना लॅबमध्ये सगळे नुसतं 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'धुणंबाई'. त्यांना ते माहीत होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. चोवीस वर्षांपूर्वी त्या तिथे काचेची भांडी धुवायलाच लागल्या होत्या. त्यांनी धुतलेल्या चंबूत तोंड दिसायचं. एकदा पेशी सांभाळणारा माणूस आजारी पडला, कुणी हाताशी नव्हतं, तेव्हा लॅब चालवणाऱ्या मॅडमनी यांच्या हातात थेंब मोजायची पिपेट दिली. तेव्हा मॅडमही नवीन होत्या, केस काळे होते त्यांचे. बाईंचा हात स्थिर होता. थेंब टाकायचा तर जिथे टाकायचा तिथेच पडायचा. मग भांडी दुसऱ्या कुणाकडे गेली आणि पेशी बाईंकडे आल्या.

पेशी म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या. बाईंच्या जन्माच्या आसपास कधीतरी कुणा एका बाईच्या अंगातून काढलेल्या. ती बाई कधीच गेली, पेशी मात्र जगभरच्या पेट्यांमधून अजून वाढत होत्या. ती कोण असेल, स्वयंपाक कसा करत असेल, तापट होती की सोशिक, असलं काहीबाही बाईंच्या मनात येई. विचारणार कुणाला? त्या आपल्या सकाळी येत, हात कोपरापर्यंत धुवत, स्पिरिट मारत आणि अंगाच्या उबेएवढी ऊब राखणारी ती पेटी उघडत. आत प्लास्टिकच्या प्लेटा, प्रत्येक प्लेटीत नाण्याएवढे खळगे, खळग्यात गुलाबी पाणी. ते पाणी म्हणजे पेशींचं अन्न. तळाशी पेशी चिकटून बसलेल्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या.

ताजं असलं की ते पाणी छान गुलाबी असायचं. पेशी त्यात खात, तिथेच घाण करत, मग पाणी नारिंगी होई आणि तसंच ठेवलं तर पिवळं. भिंतीवर कामाची पद्धत छापून चिकटवली होती: पाणी दर तिसऱ्या दिवशी बदलावे, सोबत चिठ्ठीचे प्रथिन घालावे. बाईंना नारिंगी पाणी बघवत नसे. कुणाला आपल्याच घाणीत तीन दिवस बसवायचं, हे त्यांच्या हाताला पटत नव्हतं. त्या रोज बदलत. रोज जुनं ओढून फेकायचं, नवं घालायचं, त्यात ठरलेल्या मापानं चिठ्ठी. वहीत मात्र तिसऱ्या दिवसाचाच रकाना होता, म्हणून तिसऱ्या दिवशीच त्या 'बदलले' असं लिहीत. मधल्या दिवसांचं लिहायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. रोज दात घासले हे कोण लिहून ठेवतं?

आणि पेशी काय सुरेख वागत! चिठ्ठी दिलेल्या खळग्यांत वाढ निम्म्यावर येई, न दिलेल्यांत भराभर होई. वर्षभराचा आलेख मॅडमनी भिंतीवर लावला होता. दोन रेघा, एक चढती, एक जवळजवळ आडवी. "बाई, तुमच्या हातासारखा हात नाही," मॅडम म्हणायच्या. लेख लिहून होत आला होता. शेवटी आभारात बाईंचं नाव होतं. सहा-सात महिन्यांनी बाई निवृत्त होणार, पण मॅडमनी वरच्यांना सांगून ठेवलं होतं, यांना अजून दोन वर्षं ठेवायचंच. बाईंनी ते घरी सांगितलं तेव्हा नवऱ्यानं आनंदानं दुसऱ्यांदा चहा मागितला होता.

मग वन्संची गाठ निघाली. वन्सं एकट्या राहायच्या, त्यांना इकडे आणलं, ऑपरेशन झालं, आणि बाईंनी चोवीस वर्षांत पहिल्यांदा नऊ दिवसांची सलग रजा घेतली.

त्या नऊ दिवसांत पेशी पाहिल्या काकांनी. काका म्हणजे सामानखोली सांभाळणारे. फ्रीज, बाटल्या, डबे, चाव्या सगळं त्यांच्याकडे. पेशींचं कामही त्यांना येत होतं, पण माणूस असा की छापलेल्या कागदाबाहेर बोटभर जाणार नाही. कागद म्हणतो तिसऱ्या दिवशी, तर तिसऱ्या दिवशी, घड्याळ लावून. बाई परत आल्या तेव्हा लॅबमध्ये सुतकी शांतता होती. चिठ्ठी दिलेल्या पेशी थांबल्या नव्हत्या. वाढल्या होत्या. न दिलेल्यांपेक्षाही जास्त.

"काहीतरी घाण पडली असणार," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर मापं चुकली. वर्षभर जे कधी झालं नाही ते नऊ दिवसांत कसं होईल?" बाईंनी कामाला हात लावला आणि दोन आठवड्यांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं. मग तर शंकाच उरली नाही. काकांना पत्र मिळालं. निष्काळजीपणाबद्दल लेखी खुलासा द्या, तोपर्यंत पेशींच्या खोलीत येऊ नका.

सगळ्यांना बरं वाटलं. बाईंना मात्र चैन पडेना. काकांची मापं चुकणार नाहीत हे त्या पैजेवर सांगायला तयार होत्या. घाण म्हणावी, तर बुरशी लागली की पेशी मरतात, असा गढूळपणा येतो. इथे तर पेशी गुटगुटीत. मग वेगळं काय होतं? तोच कागद, तीच चिठ्ठी, तीच पेटी. एके दिवशी जुनं पाणी ओढून टाकताना त्यांचं लक्ष आपल्याच हाताकडे गेलं. पिपेट अर्धी भरली होती. आज तिसरा दिवस नव्हता.

त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. फेकून द्यायच्या पेशींतून थोड्या घेतल्या, दिवसाअखेरीस उरणारे चिठ्ठीचे थेंब घेतले आणि एक प्लेट लावली. पहिली रांग रोज बदलायची. दुसरी तिसऱ्या दिवशी. तिसऱ्या रांगेत चिठ्ठीचा थेंब किंचित ताज्या पाण्यासह रोज घालायचा, पण जुनं पाणी काढायचंच नाही. म्हणजे चिठ्ठी कमी पडली म्हणून वाढल्या, असं कुणाला म्हणता येऊ नये. चौथ्या रांगेला चिठ्ठी नाही आणि बदलही नाही. पेटीच्या सगळ्यात खालच्या फळीवर, मागे, प्लेट ठेवली.

तो आठवडा त्यांना फार जड गेला. पेटी उघडली की खालचा पिवळा रंग दिसायचा आणि हात आपोआप पिपेटकडे जायचा. त्या स्वतःच्या हातावर चापटी मारायच्या. घरी येऊन त्यांनी पडदे धुतले, दोन दिवसांनी पायपुसणी, मग स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून आतून पुसले.

"पडदे दहा दिवसांपूर्वीच धुतले होतेस," नवरा म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. मी आत्ताच आंघोळ केलीय, एवढं सांगून ठेवतो."

वन्सं हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या आणि टाक्यांची जागा ओढली म्हणून कळवळल्या. त्या आठवड्यात त्या डबा घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही, बाईंनीही विचारलं नाही. डबा मात्र परत दिसला नाही.

आठव्या दिवशी बाईंनी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. पहिल्या रांगेत पेशी विरळ, एकेकट्या, वाट चुकल्यासारख्या. चौथी रांग उपासमारीनं सुरकुतलेली. तिच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. दुसरी दाट. आणि तिसरी! ज्या पाण्याकडे त्यांना बघवत नव्हतं, त्याच पाण्यात पेशी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, जागा नाही म्हणून एकीवर एक चढल्या होत्या. बाईंनी डोळा बाजूला घेतला, काच पुसली, पुन्हा लावला. मग दाराकडे पाहिलं, जणू कुणी चोरी पकडली असावी.

एकदा झालं म्हणजे योगायोग, दोनदा झालं तर विचार करायचा, हे मॅडमनीच शिकवलेलं. त्यांनी दुसरी प्लेट लावली. पुन्हा आठ दिवस. पुन्हा तेच.

त्यांनी आपल्यापुरतं कोडं सोडवलं ते असं. चिठ्ठी आली की पेशी आधी दचकून थांबतात. पण मग त्या स्वतःच चिठ्ठ्या लिहायला बसत असाव्यात, एकमेकींना, त्याच पाण्यात. घाबरू नका, वाढा. आणि ते सगळं लिखाण आपण रोज सकाळी उपसून मोरीत ओतत होतो. असं असेल. नसेलही. पाण्यात नेमकं काय आहे ते मॅडमच्या यंत्रांनी बघायला हवं. पण भिंतीवरची ती आडवी रेघ चिठ्ठीची एकटीची नव्हती, एवढं नक्की. तिच्यात बाईंचा हात होता.

त्या सामानखोलीत गेल्या. काका टेबलाशी बसून खुलासा लिहीत होते. कागदावर सुबक अक्षरात एकच ओळ होती: माझ्या हातून निष्काळजीपणा झाला असावा.

"असावा काय?" बाई म्हणाल्या. "झाला का?"

"नाही."

"मग लिहिताय कशाला?"

काकांनी पेनाचं टोपण लावलं. "बाई, गुलाबी बाटल्या या खोलीतून जातात. कागदाप्रमाणे चाललं तर एक बाटली किती दिवस पुरते ते मला कळतं. वर्षभर तिपटीनं जात होत्या."

बाई स्टुलावर बसल्या. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"बाटल्या जातात एवढं माहीत होतं. त्यानं पेशींना काय होतं ते मला काय ठाऊक? मी सामानवाला." ते फ्रीजकडे बघत बोलत होते. "नऊ दिवसांनंतर थोडं थोडं लक्षात आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचे चार महिने राहिले. आभारात नाव यायचंय. पुढची दोन वर्षं आहेत. मला बोलणी खायची सवय आहे हो, तुम्हाला नाही. चोवीस वर्षांत तुम्हाला कुणी 'असं का केलं' म्हणून विचारलेलं मी तरी ऐकलं नाही."

"आणि पेशींची खोली? तिथे परत कधी घेतील तुम्हाला?"

काकांनी खांदे उडवले. "सामान कुठे पळून जात नाही."

बाई उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "तो कागद आज देऊ नका."

"उद्या शेवटची तारीख आहे."

"म्हणूनच म्हणते, आज देऊ नका."

संध्याकाळी भाजी चिरता चिरता त्यांनी घरात सगळं सांगितलं. नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. मुद्दे बोटांवर मोजून बोलायचा.

"एक, तू मुद्दाम केलं नाहीस. दोन, कुणी मेलं नाही. तीन, लेख सोमवारी जायचाय. चार..."

"चार काय?"

"चार, अगं, चोवीस वर्षांचं नाव आहे तुझं! एका दिवसात घालवायचं? ज्या बाईनं आलेख बनवला तिनंच सांगायचं की आलेख खोटा?"

"खोटा नाहीये. रोज पाणी बदललं तर तो खराच आहे."

"झालं तर मग! तसं लिहून टाकायचं लेखात बारीक अक्षरात, रोज बदलले. कशाला प्लेटा दाखवायच्या?"

बाईंनी पुढची भाजी ओढली. हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला नव्हता असं नाही. बसमध्ये आला होता, चांगला दोन थांबे बसला होता शेजारी. एक ओळ घालायची, काकांचं पत्र कुणाला तरी सांगून हळूच मागं घ्यायला लावायचं, सगळं जागच्या जागी. त्यांनी सुरी फिरवली. तुकडे नेहमीसारखे एकसारखे पडत नव्हते.

वन्सं इतका वेळ आपल्या खुर्चीत उशीला टेकून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "वहिनी, मला नीट समजू दे. रोज ताजं पाणी, तर चिठ्ठी वाचून पेशी थांबतात."

"हो."

"पाणी तसंच राहिलं, तर वाढतात."

"तसं दिसतंय."

"मग माझ्या अंगात रोज पाणी बदलायला कोण येतं?"



"ताई, असं काय बोलतेस," नवरा म्हणाला.

"का? मला नको का कळायला? माझीच गाठ होती ती, तुझ्या वर्तमानपत्रातली नव्हती."

बाई सावकाश म्हणाल्या, "अंगात रक्त फिरतं, वन्सं. ते बरंच काही वाहून नेतं. प्लेटीत तसं नसतं."

"फिरतं आणि फिरून परत तिथेच येतं ना? की मोरीत जातं?"

"परत येतं. पण गाठीच्या आत किती साचून राहतं, किती वाहून जातं, ते मला माहीत नाही. कदाचित तुमचं रोज बदलल्यासारखं असेल. कदाचित तिसऱ्या रांगेसारखं."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही."

"आणि तुझ्या मॅडमना?"

"त्यांनाही नाही. त्यांना असं काही विचारायचं असतं हेच ठाऊक नाही अजून. वर्षभर त्या माझ्या हातातूनच बघत आल्यात."

वन्संनी डावा हात खुर्चीच्या पाठीवर चढवून पाहिला. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम होता तो. अर्ध्यावर थांबल्या, दम घेतला, मग आणखी बोटभर वर नेला. "मी लाइन जोडायचे ना, तेव्हा एक नियम होता," त्या म्हणाल्या. "चुकीच्या माणसाशी जोडून दिली, तर आधी लाइनवर येऊन सांगायचं. चूक झाली, थांबा. पलीकडचा शिव्या देतो म्हणून गप्प बसलं, की दोघं भलत्याशीच बोलत राहतात. कधीकधी अर्धा अर्धा तास."

"शिव्या खाल्ल्यास का खूप?" नवऱ्यानं विचारलं.

"पोटभर."

"दोन वर्षं जातील तिची, ताई. मॅडम ठेवून घ्यायच्या नाहीत."

"ती बोलेल ना तिचं. तू काय तिथे भांडी घासायला होतास?"

बाईंना एकदम हसू आलं. आलं आणि गेलं. मॅडमचा चेहरा डोळ्यांपुढे आला. भिंतीवरचा आलेख उतरवताना त्या काय म्हणतील? काहीच म्हणणार नाहीत कदाचित. चष्मा काढून बोटांनी डोळे चोळतील, नेहमीसारख्या. तेच जास्त अवघड. आणि तरीही, त्या भीतीच्या पोटात, खोल कुठेतरी, बाईंना दुसरंच काहीतरी खुणावत होतं. त्या पिवळ्या पाण्यात काय लिहिलं असेल? एकच चिठ्ठी असेल की वेगवेगळ्या? पहिली कधी लिहितात, पहिल्याच रात्रीत की दुसऱ्या दिवशी? दर चार तासांनी एका खळग्यातलं पाणी काढून ठेवलं तर कळेल. त्यासाठी मॅडमची यंत्रं हवीत. मॅडमना सांगितल्याशिवाय यंत्रं मिळायची नाहीत.

त्यांनी भाजी पातेल्यात टाकली, सुरी धुतली, हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"उद्या सकाळी मी मॅडमना सगळं सांगणार आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही प्लेटा दाखवणार. लेख सोमवारी पाठवू नका म्हणणार, आणि काकांचं पत्र माझ्या नावानं करून द्या म्हणणार. साडेसातच्या बसनं जायचंय मला. सकाळचं तुमचं तुम्ही बघा."